विश्वकर्म्याची अवजारे : सौर पदार्थसंशोधनातील सामायिक उपकरणांचा इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

जयपूर शहरातून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. राजस्थान राज्य औद्योगिक विकास व गुंतवणूक महामंडळाच्या, म्हणजेच लोकांच्या बोलण्यातील ‘रिको’च्या, अखत्यारीतील ही वसाहत. येथील रस्ते नावांपेक्षा क्रमांकांनी ओळखले जातात. पत्रा कापणारे, वेल्डिंग करणारे, तारा व विजेची साधने बनविणारे लहानमोठे कारखाने या क्रमांकांच्या आधाराने आपला पत्ता सांगतात. वसाहतीला दिलेले नाव मात्र पुराणातील आहे. देवांची आयुधे आणि नगरे घडविणारा कारागीर म्हणजे विश्वकर्मा. खंडेनवमीला अवजारे पुसून, त्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या मराठी माणसाला या नावामागील भावना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय औद्योगिक वसाहतींचा इतिहास हा नाही. सूर्यप्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या पदार्थांचे संशोधन आपल्या विद्यापीठांतून गेली चार-पाच दशके चालू आहे. हे संशोधन ज्या उपकरणांवाचून अडते ती उपकरणे एकेका विद्यापीठाच्या ऐपतीपलीकडची होती. म्हणून ती सामायिक करावी लागली. ही सामायिकता कशी घडली, तिने कोणते संशोधन शक्य केले आणि ती कोठे तोकडी पडली, हा येथील प्रश्न आहे. या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. उपकरण विकत घेता येते, परंतु ते चालते ठेवणारी व्यवस्था विकत घेता येत नाही. ती घडवावी लागते. विश्वकर्म्याचे नाव या निबंधाच्या आरंभी येण्याचे कारण एवढेच.

२. जयपूरचा जुना धडा

उपकरण कोठून आणावे, हा प्रश्न जयपूरला नवीन नाही. सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी व मथुरा येथे वेधशाळा उभारल्या. त्यांच्यापुढे पितळी यंत्रांचा पर्याय होता. तथापि अशी यंत्रे आकाराने लहान असतात, त्यांवर सूक्ष्म विभाग कोरता येत नाहीत, त्यांचे आस झिजतात आणि केंद्र ढळते, अशी त्यांची तक्रार ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे. म्हणून त्यांनी दगड आणि चुन्यात यंत्रे बांधली. जयपूरचे मोठे सम्राटयंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्यावर दोन सेकंदांपर्यंतची कालगणना करता येते. त्याच वेळी जयसिंहांनी बाहेरच्या ज्ञानाकडे पाठ फिरविली नव्हती. पोर्तुगालला पाठविलेल्या मंडळामार्फत त्यांनी युरोपीय कोष्टके मिळविली, आणि त्यांच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडचे भूमितिशास्त्र अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणले.

या वेधशाळांची पुढील कथा अधिक बोधप्रद आहे. मथुरेची वेधशाळा आज अस्तित्वात नाही. उज्जैनची मोडकळीस आली होती. ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ साली दुरुस्त करविली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या ज्योतिर्विदाच्या देखरेखीखाली ती पुन्हा वेध घेऊ लागली. पाचही ठिकाणी यंत्रे बांधणारा राजा एकच होता. परंतु पुढे कोणती यंत्रे बोलती राहिली आणि कोणती नाहीशी झाली, हे बांधणाऱ्याने ठरविले नाही, सांभाळणाऱ्यांनी ठरविले. विसाव्या शतकातील प्रयोगशाळांकडे वळताना हा धडा जवळ ठेवणे उपयुक्त ठरेल.

३. उपकरणांची गरज कशी निर्माण झाली

प्रकाशामुळे वीज निर्माण होते, हे एदमाँ बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३९ साली दाखविले. त्याचा प्रयोग द्रवात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर होता. पुढे १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉनचा सौरघट तयार झाला. आरंभी त्याचा मोठा उपयोग कृत्रिम उपग्रहांसाठी झाला. १९७३ सालच्या तेलसंकटानंतर मात्र सौरऊर्जा हा पृथ्वीवरील गरजेचा विषय झाला. भारतात १९७४ साली स्थापन झालेल्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या कंपनीने १९७७ साली सौरघट बनविला. केंद्र शासनाने १९८१ साली अतिरिक्त ऊर्जास्रोतांचा आयोग व १९८२ साली अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन केला. या विभागाचे १९९२ साली स्वतंत्र मंत्रालय झाले. जयपुरातही १९८१ साली केंद्र व राज्य यांच्या भागीदारीतून राजस्थान इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी उभी राहिली. दूध तपासण्याच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांबरोबर सौरपटलेही तिने बनविली.

विद्यापीठांत या काळात जे संशोधन सुरू झाले ते मुख्यतः पदार्थांचे होते. शुद्ध सिलिकॉनचे स्फटिक महाग. त्याऐवजी कॅडमियम सल्फाइड, कॅडमियम टेल्युराइड यांसारख्या अर्धवाहकांचा काचेवर बसविलेला अतिशय पातळ थर, म्हणजे थिन फिल्म, वापरता येईल का, हा प्रश्न होता. असा थर तयार होतो; तो काय आहे हे कळणे ही खरी अडचण असते. काचेवर पिवळा थर दिसतो. तो कॅडमियम सल्फाइडचाच आहे का, त्याची स्फटिकरचना घनाकृती आहे की षट्कोनी, त्यातील कण केवढे आहेत, त्यात ऑक्सिजन किती शिरला आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना देता येत नाही. स्फटिकरचनेसाठी क्ष-किरण विवर्तनमापक, पृष्ठभागासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, प्रकाश किती शोषला जातो हे पाहण्यासाठी वर्णपटमापक, आणि वरच्या काही अणुस्तरांच्या रासायनिक घडणीसाठी अतिनिर्वातात चालणारे क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमापक लागते. यांतील बहुतेक उपकरणे परदेशी बनावटीची होती. एका विभागाच्या वार्षिक अनुदानात त्यांची किंमत बसण्याचा प्रश्नच नव्हता.

४. कोल्हापूरचे उत्तर

या अडचणीला महाराष्ट्रातून मिळालेले एक उत्तर विशेष अभ्यासण्यासारखे आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांनी पातळ थरांच्या संशोधनाची जी परंपरा निर्माण केली, तिचा भर रासायनिक पद्धतींवर होता. निर्वातात धातूची वाफ करून थर बसविण्यासाठी महागडी निर्वातयंत्रणा लागते. रासायनिक पद्धतीत चंचुपात्र, तापपट्टी, ढवळणी आणि तापमापी एवढ्यावर काम सुरू होते. कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांच्या कोमट द्रावणात काच उभी बुडवून ठेवली की सावकाश थर चढतो. दुसरी पद्धत फवाऱ्याची. तापविलेल्या काचेवर द्रावणाचे सूक्ष्म तुषार सोडले की त्यांचे विघटन होऊन थर तयार होतो. तिसऱ्या पद्धतीत काच आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवून मध्ये धुतली जाते आणि प्रत्येक फेरीत थर किंचित वाढतो. १९८५ साली युरोपात मांडल्या गेलेल्या या पद्धतीचा कोल्हापुरात मोठा विस्तार झाला.

हे काम आडवळणाचे राहिले नाही. फवारा पद्धतीच्या विविध उपयोगांचा पी. एस. पाटील यांनी लिहिलेला आढावा १९९९ साली, आणि धातूंच्या सल्फाइड-सेलेनाइडांसारख्या संयुगांच्या थरांसाठी असलेल्या रासायनिक पद्धतींचा आर. एस. माने व सी. डी. लोखंडे यांचा आढावा २००० साली, एकाच आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पदार्थांच्या रसायन-भौतिकीला वाहिलेल्या त्या नियतकालिकातील हे दोन्ही लेख जगभरच्या अभ्यासकांनी संदर्भासाठी वापरले. द्रवात बुडविलेल्या अर्धवाहकापासून वीज मिळविण्याच्या कोल्हापुरातील प्रयोगांचे नाते तर थेट बेकेरेलच्या १८३९ सालच्या पट्ट्यांशी पोहोचते.

या यशाचा अर्थ ‘गरिबीतून प्रतिभा फुलते’ असा लावण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. साधने नसल्यामुळे पद्धत निवडली गेली हे जसे खरे, तसे साधने नसल्यामुळे कित्येक प्रश्न विचारलेच गेले नाहीत हेही तितकेच खरे असले पाहिजे. शिवाय थर बसविण्याची पद्धत स्वस्त करता आली तरी थर तपासण्याची पद्धत स्वस्त करता येत नव्हती. फवाऱ्याची नळी, तापपट्टी, काच धरणारा हात हे सारे प्रयोगशाळेतच जुळविता येते, आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरसारखी यंत्रकामाची जुनी वस्ती हाकेच्या अंतरावर होती. क्ष-किरण विवर्तनमापक मात्र उद्यमनगरात घडत नव्हता, आणि जयपूरच्या विश्वकर्मा क्षेत्रातही नाही. येथेच सामायिक साधनांचा प्रश्न उभा राहिला.

५. सामायिकतेच्या तीन पायऱ्या

केंद्र शासनाचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग १९७१ साली स्थापन झाला. त्याने १९७० च्या दशकाच्या मध्यावर प्रादेशिक अत्याधुनिक उपकरण केंद्रांची योजना हाती घेतली. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील केंद्र १९७६ सालचे. मद्रास, लखनौ, चंदीगड, शिलाँग, कोलकाता व नागपूर येथेही अशी केंद्रे झाली. पुढे ‘प्रादेशिक’ हा शब्द गळून ती अत्याधुनिक विश्लेषण उपकरण सुविधा या नावाने ओळखली जाऊ लागली. योजनेचे तत्त्व साधे होते. एका संस्थेत उपकरण ठेवायचे, तेथे ते चालविणारा जाणकार नेमायचा, आणि माफक शुल्क घेऊन परिसरातील सर्वांचे नमुने तपासून द्यायचे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही विद्यापीठांतून उपकरण केंद्रे आणि मुंबईत पश्चिम विभागीय उपकरण केंद्र उभे केले. या केंद्रांच्या कामात दुरुस्ती व देखभाल यांना जाणीवपूर्वक स्थान होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरी पायरी १९८४ सालची. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक विद्यापीठांसाठी सामायिक केंद्रे स्थापन करण्याचा अधिकार आयोगाला मिळाला. या तरतुदीखाली दिल्लीचे अणुविज्ञान केंद्र झाले आणि १९८८ साली जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात ‘आयुका’ झाली. ‘आयुका’चे नाव मराठी वाचकाला परिचित आहे, तिच्या मागोमाग आलेली इंदूरची संस्था तितकी परिचित नाही. १९८९ साली आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्यातील कराराने अणुऊर्जा विभागाच्या सुविधांसाठी आंतरविद्यापीठीय संघ स्थापन झाला. तुर्भे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टी, कोलकात्याचा सायक्लोट्रॉन आणि इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात उभारले जाणारे सिंक्रोट्रॉन या राष्ट्रीय साधनांपर्यंत विद्यापीठातील शिक्षक व विद्यार्थी यांना पोहोचविणे हे त्याचे कार्य. ‘इंडस-१’ १९९९ साली व ‘इंडस-२’ २००५ साली कार्यान्वित झाला. या संघाचे मुख्यालय होळकरांच्या इंदुरात असल्यामुळे जयपूर, कोल्हापूर, नागपूर, औरंगाबाद अशा दूरदूरच्या विद्यापीठांतील पातळ थर एका छताखाली तपासले जाऊ लागले.

तिसरी पायरी अलीकडची आहे. २००० साली सुरू झालेल्या ‘फिस्ट’ योजनेने विद्यापीठांच्या विभागांना थेट उपकरणे मिळू लागली. २०१० साली मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत प्रकाशविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. जयपुरात १९६३ साली सुरू झालेले मालवीय प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ साली राष्ट्रीय संस्था बनले आणि तेथील पदार्थसंशोधन केंद्रातील उपकरणे बाहेरच्या संशोधकांनाही खुली झाली. जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू होऊन कोणते उपकरण कोठे आहे हे घरबसल्या कळू लागले. २०२२ साली उपकरणांची देखभाल व वाटप यांविषयी ‘श्रीमान’ या नावाची मार्गदर्शक तत्त्वेही आली.

या तीन पायऱ्यांचा इतिहास शासकीय अहवालांत आकड्यांच्या रूपाने सापडतो. त्याचे मानवी रूप पाहायचे असेल तर दुसरे एक साधन आहे. शोधलेखाच्या अखेरीस बारीक टंकात छापलेली आभाराची ओळ सहसा कोणी वाचत नाही. ‘क्ष-किरण विवर्तनासाठी अमुक केंद्राचे आभार’ एवढाच तिचा मजकूर असतो. परंतु एखाद्या विभागाचे वीस वर्षांचे लेख समोर ठेवून फक्त या ओळी वाचल्या, तर नमुने कोणत्या शहराकडे प्रवास करीत होते आणि कोणत्या वर्षी तो प्रवास थांबला, याचा नकाशा तयार होतो. त्या ओळीमागे नमुन्यांची डबी जपत रात्रीच्या गाडीने निघालेला विद्यार्थी असतो, हवेतील ओल लागून थर खराब होईल ही धास्ती असते, आणि केंद्रातील तंत्रज्ञाने दिलेला तासाभराचा वेळ असतो. आपल्याकडील विज्ञानाच्या इतिहासकारांनी या ओळींकडे साधन म्हणून पाहावयास हवे.

६. खरेदीचा कागद आणि उपकरणाचे आयुष्य

उपकरण मिळविण्याचा मार्ग मंजुरीपाशी संपत नाही. तेथे तो सुरू होतो. गरजेचे तपशील लिहिणे, निविदा काढणे, तांत्रिक व आर्थिक देकारांची तुलना करणे, पतपत्र उघडणे, सीमाशुल्कातून माल सोडविणे अशी ही साखळी आहे. १९९६ सालच्या अधिसूचनेने विद्यापीठे व सार्वजनिक संशोधन संस्था यांच्या उपकरणांना सीमाशुल्कात सवलत दिली. वस्तू व सेवा करातील ५ टक्क्यांचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये काढून घेतला गेला आणि कर १८ टक्क्यांवर गेला; मंजूर रकमेत बसलेले उपकरण या फरकाने बाहेर पडू शकते. मे २०२० मध्ये सामान्य वित्तीय नियमांत दुरुस्ती होऊन २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढण्यास मनाई झाली. देशी उद्योगाला आधार देणे हा तिचा हेतू समजण्यासारखा असला तरी जी उपकरणे देशात बनतच नाहीत त्यांच्यासाठी वेगळी परवानगी मिळविण्यात वेळ जाऊ लागला. जून २०२५ मध्ये शासनाने हे नियम वैज्ञानिक संस्थांसाठी शिथिल केले. कुलगुरू व संचालक यांना शासकीय ई-बाजारपेठेबाहेर खरेदी करण्याचा आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदा मंजूर करण्याचा अधिकार मिळाला. विनानिविदा थेट खरेदीची मर्यादाही १ लाखावरून २ लाख रुपयांवर गेली.

हे सारे नियम खरेदीच्या दिवसापर्यंतचे आहेत. उपकरणाचे आयुष्य मात्र त्या दिवसानंतरचे असते. क्ष-किरण नळीला सतत थंड पाणी लागते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला स्थिर दाबाची वीज आणि कंपनरहित जमीन लागते. निर्वातपंपाचे तेल बदलावे लागते. द्रव नायट्रोजनचा पुरवठा तुटला की काही उपकरणे थांबतात. आणि या सर्वांहून अधिक निकड असते ती ज्याला यंत्राचा कान कळतो अशा माणसाची. प्रकल्पाच्या मुदतीपुरता नेमलेला तंत्रज्ञ मुदत संपताच जातो आणि त्याच्याबरोबर उपकरणाविषयीचे न लिहिलेले ज्ञानही जाते. सामायिक केंद्रे जेथे टिकली तेथे ती या माणसांमुळे टिकली, असे अनुमान वरील इतिहासावरून निघते. इंदूरच्या संघाचे वैशिष्ट्यही उपकरणांच्या संख्येत नव्हते. बाहेरून येणाऱ्या संशोधकाबरोबर बसून मोजमाप करणारा कायमस्वरूपी वैज्ञानिक वर्ग तेथे होता.

७. समारोप

राजस्थानातील भडला येथे २,२४५ मेगावॉट क्षमतेचे सौर उद्यान उभे आहे. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २०,००० मेगावॉटचे जे लक्ष्य ठेवले होते, ते २०१५ साली पाचपट करण्यात आले. एवढ्या विस्तारात ज्यापासून घट बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांसाठी देश दीर्घकाळ आयातीवर अवलंबून राहिला. वाळवंट आपले, ऊन आपले, आणि पदार्थ परका, अशी ही स्थिती. तिचे मूळ एकट्या उपकरणांच्या अभावात शोधणे हे अतिसुलभीकरण होईल. उद्योगधोरण, भांडवल, बाजार अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. परंतु जो देश आपला पदार्थ स्वतः मोजू शकत नाही तो आपला पदार्थ स्वतः घडवू शकत नाही, हेही नाकारता येणार नाही.

म्हणून शेवटी पुन्हा सीकर रस्त्याकडे वळावेसे वाटते. विद्यापीठाला लागणारे मुख्य उपकरण विश्वकर्मा क्षेत्रात बनत नसेल. पण त्याला थंड ठेवणारी यंत्रणा, त्याची वीज सांभाळणारे साधन, विषारी वायू बाहेर नेणारी धुराडी आणि नमुना धरणारी पकड ही कामे अशाच वसाहतींच्या आवाक्यातील आहेत. कोल्हापूरचे उद्यमनगर असो की जयपूरचे विश्वकर्मा क्षेत्र, प्रयोगशाळा आणि कार्यशाळा यांच्यातील अंतर मैलांत थोडे आणि व्यवहारात फार आहे. सामायिक उपकरणांच्या पुढील योजनेत खरेदीच्या रकमेइतकाच विचार या अंतराचा आणि यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाच्या कायम नोकरीचा झाला पाहिजे. माधवराव शिंदे यांनी १९२३ साली उज्जैनला एकही नवे यंत्र विकत आणले नसते तरी चालले असते. जुन्या यंत्रांकडे त्यांनी माणूस पाठविला, म्हणून ती यंत्रे पुन्हा आकाशाकडे पाहू लागली.